घाटाखालची रांग

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग, सेमाडोह करत मेळघाटात शिरतो आणि पुढे हरिसाल लागतं. धारणी तालुक्यातलं हे छोटं गाव २०१६च्या सुमारास एकाएकी राज्याच्या नजरेत आलं. राज्य सरकारनं मायक्रोसॉफ्टच्या साथीनं हरिसालला देशातलं पहिलं डिजिटल गाव करायचं ठरवलं होतं. दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या लहरींवरून इंटरनेट आणण्याचा विचार, गावातल्या रुग्णाला शहरातल्या डॉक्टरशी पडद्यावरून बोलता यावं याची सोय, शाळेत ई-लर्निंग, असं बरंच काही त्यात होतं. पुढे २०१९च्या लोकसभा निवडणुकीत हरिसाल प्रचारसभेच्या पडद्यावर झळकलं आणि तिथं नेट खरंच चालतं की नाही यावर महाराष्ट्रभर वाद झडला.

त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. नेट गावाच्या वेशीपर्यंत आलं, आता ते आत वाटायचं कसं? कालव्याचं पाणी शिवारात आलं की पाळी कुणाची, चारी कुणाची, शेवटच्या वावरापर्यंत पाणी कसं पोचवायचं, हे गाव ठरवतं. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हा हिशेब कंपनीनं दिलेल्या एका पांढऱ्या डबीवर सोडून सगळे मोकळे होतात. ती डबी हिशेब करतच नाही. जो आधी आला त्याला आधी, एवढंच तिला कळतं. हे प्रकरण तो हिशेब आपल्या हातात कसा घेता येतो त्याबद्दल आहे, आणि त्याला लागणारं सामान बहुतेक शाळांच्या अडगळीत आधीच पडलेलं असतं.

चिखलदरा तालुक्यातली एखादी आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणा. लाईन आहे डाउनलोडला २० आणि अपलोडला २ एमबीपीएसची. त्या पांढऱ्या डबीत, म्हणजे मोडेममध्ये, येणारी-जाणारी पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, थोपवून धरायला एक मेगाबाईटची साठवण, म्हणजे बफर. कार्यालयात लिपिकानं पोषण आहाराचे फोटो वर चढवायला घेतले. काही क्षणांत तो बफर काठोकाठ भरतो. एक मेगाबाईट म्हणजे ८० लाख बिट. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २० लाख बिट जाऊ शकतात, म्हणून भरलेला बफर रिकामा व्हायला ४ सेकंद लागतात. आता शेजारच्या खोलीत आरोग्यसेविका आजारी मुलीला समोर बसवून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलते आहे. तिच्या आवाजाचं २०० बाईटचं इवलंसं पॅकेट त्या फोटोंच्या मागे उभं राहतं आणि ४ सेकंदांनी निघतं. बोलणं नीट चालायचं तर आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक सांगतं. इथं त्याच्या पंचवीस पट उशीर झाला. डॉक्टर विचारतात, ताप किती? उत्तर पोचेपर्यंत त्यांनी दुसरा प्रश्न विचारलेला असतो.

एरवी स्पीड टेस्ट करून पाहिली तर पडद्यावर २० आणि २ हेच आकडे येतात. चाचणी रस्त्याची रुंदी मोजते. रस्ता भरल्यावर रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं, हे जुन्या पद्धतीच्या चाचण्या मोजतच नाहीत.

या रोगाला नाव मिळालं ते अमेरिकेत. जिम गेटिस हा मुरलेला संगणकतज्ज्ञ २०१० साली घरून कार्यालयाच्या संगणकावर मोठाल्या फायली पाठवत होता आणि त्या काळात घरातल्यांचं इंटरनेट रखडत होतं. लाईन चांगली, उपकरणं नवी, तरी उशीर सेकंदात मोजावा लागत होता. त्यानं खोदत नेलं तेव्हा दोष मोडेमच्या फुगलेल्या बफरमध्ये सापडला. त्यानं त्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं, म्हणजे बफरची सूज. मेमरी स्वस्त झाली तसे कारखानदारांनी बफर वाढवत नेले. पॅकेट हरवणं वाईट, मग जेवढी जागा जास्त तेवढं बरं, असा त्यामागचा सरळ विचार.

पण इंटरनेटला पॅकेट हरवण्याची गरज असते. १९८६च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळच्याच बर्कली विद्यापीठामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. सगळे एकदम पाठवत होते आणि न पोचलेलं पुन्हापुन्हा पाठवत होते. व्हॅन जेकबसननं १९८८ साली त्यावर उपाय मांडला. पाठवणाऱ्यानं वेग हळूहळू वाढवावा, पॅकेट हरवलं की वाट भरली असं समजून हात आखडता घ्यावा. आजही इंटरनेटवरची बरीचशी ये-जा याच समजुतीवर चालते. फुगलेला बफर पॅकेट हरवूच देत नाही, त्यामुळे गर्दीची खबर पाठवणाऱ्यापर्यंत फार उशिरा जाते, आणि तोवर तो ओततच राहतो.

चिखलदऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूरहून गाड्यांची रीघ लागते. साधारण ११०० मीटर उंचीवरचं गाव, वळणांचा अरुंद घाट, दाट धुकं. खाली परतवाड्याकडे रस्ता रुंद आहे, त्यामुळे गाड्या भराभर येतात आणि नेमक्या घाटाच्या अवघड वळणांवर अडकून पडतात. तिथं अडकलेल्या रांगेत रुग्णवाहिका आली तरी तिला वाट काढून देणं कुणाच्या हातात नसतं. हीच रांग पायथ्याच्या मोकळ्या जागेत थांबवली, आणि घाटाला पेलतील तेवढ्याच गाड्या वर सोडल्या, तर रुग्णवाहिका बाजूनं पुढे काढता येते.

इंटरनेटच्या ये-जेला असं वळण लावण्याला ‘ट्रॅफिक शेपिंग’ म्हणतात, आणि त्याचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. रांग मोडेममध्ये लागू द्यायची नाही. मोडेमच्या आधी आपला डबा बसवायचा आणि त्याला सांगायचं, लाईन २ एमबीपीएसची असली तरी तू १.८ नंच सोड. मग मोडेमचा बफर कधी भरतच नाही. रांग आपल्या डब्यात लागते, आणि आपल्या रांगेत कुणी कुठं उभं राहायचं ते आपण ठरवतो. दहा टक्के वेग आपण होऊन सोडायचा, हे ऐकताना पटत नाही. ज्याच्याकडे मुळात थोडं आहे त्याला तर आणखीच जड जातं. पण त्या दहा टक्क्यांत चार सेकंदांची ताटकळ सुटते.

तो डबा कशाचा करायचा? याचं उत्तर २००३ साली एका निळ्या राउटरनं दिलं. लिंकसिस कंपनीनं २००२च्या अखेरीस डब्लूआरटी५४जी नावाचा घरगुती राउटर आणला. त्याच्या आत लिनक्स ही खुली कार्यप्रणाली आहे, हे काही चौकस लोकांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना असा की, त्यावर बेतलेली वस्तू विकायची तर तिची मूळ आज्ञावलीही मागणाऱ्याला द्यावी लागते. तोवर लिंकसिस सिस्को कंपनीनं विकत घेतली होती. मागणी वाढली आणि २००३ साली कंपनीनं आज्ञावली खुली केली. तिच्यातून २००४ साली ओपनडब्लूआरटी जन्मलं. कुणीही फुकट उतरवून घ्यावं, उघडून पाहावं, बदलावं असं राउटरचं सॉफ्टवेअर. आज ते शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतं, आणि साध्या टेबलावरच्या संगणकावरही.

त्या संगणकाला नेटवर्क कार्डं मात्र दोन हवीत. एक मोडेमकडे, दुसरं शाळेकडे. एक कार्ड असलं तर दुसरं कमी खर्चात बसवता येतं. यूएसबीला लावायची जोडणी चालते, पण चोवीस तासांच्या कामाला ती भरवशाची नाही. दहा वर्षांपूर्वीचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर या कामाला पुरून उरतो. उलट बाजारातले स्वस्त राउटर इथं कमी पडतात, कारण त्यांचा वेग एका खास चिपच्या आडवाटेवर अवलंबून असतो आणि शेपिंग सुरू केलं की ती आडवाट बंद करावी लागते. जुन्या संगणकाचा दोष एकच, तो ५०-६० वॉट वीज खातो. मेळघाटात वीज जाते तेव्हा तासन्‌तास येत नाही. म्हणून ज्यांना थोडा खर्च झेपेल त्यांनी बिनपंख्याचा छोटा संगणक घ्यावा. तो १० वॉटच्या आसपास भागवतो आणि लहानशा बॅटरीवर रात्र काढू शकतो. मृगाच्या विजांचाही विचार हवा. तांब्याची केबल छपरावरून ओढली असेल तर कडाडलेली वीज तिच्यातूनच डब्यात शिरते.

आता रांगेचा कायदा. इथं वऱ्हाडातला कापूस कामाला येतो.

राज्य सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांच्या रांगा लागत, ते पाहिलेली माणसं अजून आहेत. रात्र रात्र बंडीखाली काढायची, बैलांना तिथंच कडबा टाकायचा. समजा एका मोठ्या शेतकऱ्याच्या चाळीस बंड्या रांगेत लागल्या आणि त्यामागे एकाची एकच बंडी आली. ‘आधी आला तो आधी’ हा नियम कागदावर निष्पक्ष आहे. पण चाळीस बंड्यांचा काटा होईपर्यंत एका बंडीवाल्यानं बसून राहायचं. काट्यावरच्या माणसानं नियम थोडा बदलला, प्रत्येक शेतकऱ्याची रांग वेगळी धरली आणि प्रत्येक रांगेतून एकेक बंडी आळीपाळीनं घेतली, तर चाळीसवाल्याला शेवटी जवळपास तितकाच वेळ लागतो. एकवाला मात्र दुपारच्या आत घरी जातो.

जॉन नेगल यांनी १९८५ साली इंटरनेटसाठी नेमकं हेच सुचवलं होतं. पुढे २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ नावाची रीत मांडली. तिनं रांगेची लांबी मोजणं सोडून दिलं. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं तेवढंच ती पाहते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही हा वेळ ५ मिलिसेकंदांच्या खाली उतरला नाही, तर रांग साचली आहे असं समजून ती एक पॅकेट मुद्दाम टाकून देते. पाठवणाऱ्याला खबर मिळते, तो हात आखडतो. नाही आखडला तर पुढचं पॅकेट जरा लवकर पडतं, त्यापुढचं आणखी लवकर. नेगलची आळीपाळी आणि कोडेलची घड्याळी नजर एकत्र करून ‘एफक्यू-कोडेल’ झालं. ते सगळी ये-जा १०२४ रांगांत विभागतं आणि नुकत्याच आलेल्या छोट्या प्रवाहाला, म्हणजे एका बंडीवाल्याला, आधी सोडतं. आश्रमशाळेतल्या त्या आवाजाच्या पॅकेटाला आता पुढे असलेलं फार तर एक मोठं पॅकेट जायची वाट पाहावी लागते. १५०० बाईटचं ते पॅकेट २ एमबीपीएसच्या लाईनवरून ६ मिलिसेकंदांत निघून जातं.

४ सेकंद कुठं आणि ६ मिलिसेकंद कुठं! लाईन तीच, बिल तेच.

यातही एक फट राहते. एफक्यू-कोडेल प्रत्येक जोडणीला वेगळी रांग देतं. एखाद्या मुलाच्या मोबाईलनं गेम उतरवताना चाळीस जोडण्या उघडल्या तर त्याच्या चाळीस रांगा झाल्या, म्हणजे चाळीस पाळ्या. बंड्यांना न्याय मिळाला, शेतकऱ्यांना मिळाला नाही. ही फट जोनाथन मॉर्टन आणि त्याच्या साथीदारांनी लिहिलेल्या ‘केक’नं बुजवली. २०१८ साली ते लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलं. केक आधी माणसा-माणसांत, म्हणजे यंत्रा-यंत्रांत वाटणी करतं, मग प्रत्येकाच्या वाट्यात त्याच्या जोडण्यांची. एक अडचण अशी की, शाळेतली पन्नास यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यानं दिसतात. म्हणून केकला ‘नॅट’चा पर्याय चालू करून सांगावं लागतं की पत्ता बदलण्याआधीचा खरा धनी कोण ते बघ. तो पर्याय राहून गेला तर पन्नास जणांचं एकच खातं धरलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते.

ओपनडब्लूआरटीत हे सगळं ‘एसक्यूएम’ नावाच्या एका पानावर येतं. मोडेमकडचं कार्ड निवडायचं, डाउनलोड आणि अपलोडचे आकडे किलोबिटमध्ये टाकायचे, केक निवडायचं. लाईन फायबरची असेल तर प्रत्येक पॅकेटवर चढणारं वेष्टन म्हणून साधारण ४४ बाईट धरतात. लाईन फार बारीक असेल, अडीच एमबीपीएसच्याही खाली, तर एक पॅकेट जायलाच ५ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, तेव्हा कोडेलची ती मर्यादा वाढवावी लागते. हे काम पान आपणहून करतं. आकडे मात्र कंपनीच्या जाहिरातीतले टाकायचे नाहीत. सकाळी, दुपारी, रात्री नऊला मोजायचे आणि रात्रीचा आकडा पायाला धरायचा.

डाउनलोडचं कोडं जरा वेगळं आहे. वर जाणारी पॅकेटं आपल्या हातात असतात, खाली येणारी घाट चढून आलेली असतात. ती आपल्या दारात अडवून काय साधणार? लिनक्स ती एका काल्पनिक कार्डातून फिरवतं आणि तिथं १८ एमबीपीएसची वेस घालतं. पॅकेट थोडं थोपलं किंवा पडलं की मुंबईतला किंवा सिंगापूरचा पाठवणारा वेग कमी करतो, आणि वरच्या बाजूला कंपनीच्या यंत्रातली रांगही ओसरते. हे थोडं उशिरानं घडतं, म्हणून डाउनलोडला दहाऐवजी पंधरा टक्के सोडले तरी चालतील. मोबाईलच्या सिमवर चालणारी लाईन असेल तर वेग घटकेघटकेला बदलतो. त्यासाठी उशीर मोजत आकडा आपणहून खालीवर करणारी ‘केक-ऑटोरेट’ नावाची आज्ञावली आहे.

रांग लावणं हे राउटरचं एक काम झालं, दुसरं काम वाट दाखवण्याचं. परतवाड्याच्या चौकात अमरावती, बैतूल, धारणी, चिखलदरा अशा दिशा फुटतात. सेमाडोहला जाणाऱ्यानं धारणीची पाटी धरायची हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं. राउटरकडेही अशाच पाट्यांची यादी असते आणि नियम असा की सर्वांत नेमकी पाटी जिंकते. कुठलीच जुळली नाही तर ‘बाकी सगळं इकडे’ ही शेवटची पाटी.

चिखलदऱ्याला वर चढायला धामणगाव गढीकडून एक रस्ता आहे आणि घटांगकडून दुसरा. गर्दीच्या दिवसांत एकानं चढायचं, दुसऱ्यानं उतरायचं अशी एकेरी वाहतूक ठेवण्याची वेळ येते. आश्रमशाळेलाही अशा दोन वाटा असाव्यात, एक फायबर आणि एक सिमकार्डाची. पहिल्याच मोठ्या पावसात झाड पडून फायबर तुटतं, हा मेळघाटातला दरवर्षीचा अनुभव. ओपनडब्लूआरटीवरचं ‘एमवॅन३’ दर काही सेकंदांनी दोन्ही वाटांवर हाक मारून बघतं. एकीकडून उत्तर येईना की सगळी ये-जा दुसरीवर वळवतं. डॉक्टरांचा व्हिडिओ फायबरनंच जावा, संगणकांची अद्ययावतीकरणं रात्रीच उतरावीत, असे नियमही घालता येतात. दोन वाटा जोडल्या म्हणून एकच फाईल दुप्पट वेगानं येत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवलेलं बरं. धामणगावच्या रस्त्याला लागलेली गाडी मधूनच घटांगच्या रस्त्यावर उडी मारू शकत नाही. आणि वाट बदलते त्या क्षणी चालू असलेला कॉल तुटतो, कारण बाहेरचा पत्ताच बदलतो.

डोंगरात हे जमतं का? धर्मशाळेत जमलं. २००५ साली याहेल बेन-डेव्हिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच निळ्या लिंकसिस राउटरांची जाळी हिमालयाच्या उतारावर उभारली आणि तिबेटी शाळा, संस्था एकमेकींना जोडल्या. सौर विजेवरचे खांब, पाऊस आणि अँटेनांना लोंबकळणारी माकडं. चिखलदऱ्याच्या वानरांना ओळखणाऱ्या कुणालाही ही माकडांची अडचण खरी वाटेल. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात तेव्हा मुंबईच्या आयआयटीत असलेले प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या गटानं ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पातून ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं इंटरनेट पाड्यांपर्यंत बिनतारी नेलं, तेही दूरदर्शनच्या मोकळ्या लहरी वापरून. २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत त्या कामाला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं.

या हत्याराला दुसरी धारही आहे. जो रांग लावतो तो रांगेत कुणाला मागेही ढकलू शकतो. दूरसंचार नियामक ट्रायनं ८ फेब्रुवारी २०१६ रोजी कंपन्यांना मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला मनाई केली, त्यामागे हीच धास्ती होती. आश्रमशाळेत धोका लहान असला तरी खरा आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या यंत्राला कायमची पहिली पाळी आणि वसतिगृहाला उरलंसुरलं, असा नियम दोन मिनिटांत घालता येतो आणि कुणाला कळतही नाही. केकची मूळची वाटणी सर्वांना सारखी असते. तिच्यात आरोग्यसेविकेच्या कॉलसाठी सवलत घालायची असेल तर ती का घातली हे मुलांनाही सांगावं. आठवी-नववीच्या मुलांना तर हे सगळं शिकवावंच. डेव्ह टॅट, ज्यानं एफक्यू-कोडेल घराघरांतल्या राउटरांत पोचवण्यासाठी पंधरा वर्षं घालवली आणि एप्रिल २०२५ मध्ये जगाचा निरोप घेतला, तो व्याख्यानात श्रोत्यांनाच पॅकेट करून रांगेत उभं करत असे. शाळेच्या मैदानावर हा खेळ अर्ध्या तासात होतो. चाळीस मुलं एका रांगेत, एक मुलगी मागे, हातात घड्याळ.

मोजणी शेवटी करायचीच. एका खिडकीत ‘पिंग’, म्हणजे हाकेला उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगणारी आज्ञा, लावून ठेवायचं, दुसरीत मोठी फाईल वर चढवायची. एसक्यूएम बंद असताना पिंगचा आकडा ४० वरून चढत हजारांत जातो. चालू केल्यावर तो ५०-६० च्या पलीकडे जाऊ नये. जात असेल तर शेपरचा आकडा पाच टक्क्यांनी उतरवायचा आणि पुन्हा पाहायचं. मग सगळ्या मांडणीची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. मेळघाटात शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि ज्यानं डबा बसवला तोच जूनमध्ये निघून जातो. म्हणून एक कागद मराठीत लिहायचा: कोणती केबल कुठं, आकडे कोणते, कधी मोजले, पासवर्डचं पाकीट कुठल्या कपाटात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्याच झाकणाला आतून चिकटवायचा, कारण चिखलदऱ्याच्या श्रावणात उघडा कागद महिनाभरही कोरडा राहत नाही.